आडवी बसवलेली लादी

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत बसावे असे माझ्यापाशी काही नाही. आमच्या घरात कागद यायचा तो रेशनचा नाहीतर वीजबिलाचा. शाळेची सोडली तर पहिले पुस्तक मी आणले, तेही कॉलेजच्या ग्रंथालयाचे. तेव्हा कुठे शब्द चुकला, कुठे भाव जास्त झाला, तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. एका लादीविषयी मी एकदा खोटे बोललो. ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

ओल्या दगडाला एक वास असतो. संध्याकाळी आबा कामावरून आले की सुरतेजवळच्या डिंडोलीतल्या आमच्या खोलीत तो त्यांच्याआधी शिरायचा. पाऊस पडून गेलेल्या मातीचा वास सुखावतो, तसा हा नव्हे; थंड, किंचित आंबट, विहिरीच्या तळाशी असावा तसा. आबा लादीकाम करत. सुरतेतल्या किती बंगल्यांच्या दिवाणखान्यांत त्यांनी आपले गुडघे झिजवले असतील कोण जाणे. आमच्या खोलीत मात्र त्या घरांतून उरलेले तुकडे बसवलेले होते, एक हिरवट, एक पिवळा, एक तांबूस, आणि सकाळचे ऊन दारातून आत आले की ती जमीन गोधडीसारखी दिसे.

त्यांच्या कामात एक रीत होती. घराची शेवटची लादी मालकाच्या हाताने बसायची. मालकीणबाई हळदकुंकू वाहायच्या, नारळ फुटायचा, मिस्त्रीला टॉवेल-टोपी मिळायची, आणि त्या क्षणापासून ती जमीन परकी व्हायची. पुन्हा कधी त्या घरी जायची वेळ आली तर आबा बाहेर पायरीवर उभे राहून हाक मारत. एखादा मालक यायलाच चुकला, तर आबा शेवटची लादी आडवी बसवत. सगळ्या लाद्यांच्या शिरा एका दिशेने वाहत जाव्यात आणि ही एकच त्यांना छेद देत जावी. हे घर अजून कोणी आमच्याकडून हाती घेतले नाही, असा त्याचा अर्थ. तो फक्त त्यांच्या टोळीतल्या लोकांना कळे.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली. माणसे हळूहळू परतली, पण थांबलेली बांधकामे थांबलेलीच राहिली. त्या हिवाळ्यात एका मुकादमाने आबांना आणि त्यांच्या जोडीच्या सुकलालकाकांना कलकत्त्याला नेले. तिथे जमिनीखालून रेल्वे जाते, तिच्या एका नव्या स्टेशनाच्या फलाटाचे काम होते. आठ महिन्यांनी आबा परतले ते खोकला घेऊन. दगड कापायचे यंत्र बंद जागेत चाले, त्याची धूळ जायला वाट नव्हती. पण ते स्टेशनाविषयी बोलू लागले की खोकला जरा मागे सरे. तिथे खाली ऊन नाही की सावली नाही, दिवस उगवतो तो दिव्याच्या खटक्याने, असे ते सांगत. आणि मग आईकडे पाहून म्हणत, "तठे कोनी मालक नही. शेवटनी लादी मी आडवी बसाडी. जिना मधून खाले उतरं का तिसरा खांबपाशी."

आईने ही गोष्ट घट्ट धरून ठेवली. आजवरच्या सगळ्या जमिनींना दार होते. या एका जमिनीला नव्हते. तिकीट काढले की कोणीही तिच्यावर उभे राहावे. एकदा आपण दोघांनी जायचे, असे ती म्हणे, आणि गल्लीत कोणीही पाहुणे आले की तिसऱ्या खांबाची गोष्ट सांगे. आबा तेव्हा विडी शोधायला उठत.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात कॉलेजच्या शिबिरासाठी आम्ही वीस जण कलकत्त्याला निघालो. आदल्या दिवशी भाकरी बांधताना आई म्हणाली, "भाऊ, तठे गया तं ती लादी देखी ये."

"राहू दे व," भिंतीकडच्या अंथरुणावरून आबा म्हणाले. "येवढी गर्दीमा तो काय देखी?"

"तुम्हीन गप बसा. जलमभर लोकेसना घर चमकाडं, एक जागा तं आपली शे."

आबा विडी शोधायला उठले. मला तो त्यांचा संकोच वाटला.

त्या स्टेशनात आम्ही दुपारी उतरलो. वरचे धुरकट ऊन पायऱ्यांवर संपत गेले आणि खाली तोच वास आला, आमच्या खोलीतला, संध्याकाळचा. मला वाटले, आबा इथेच कुठे बसले असतील. तिसरा खांब दहा पावलांवर होता. मी तिथे गेलो, वाकलो. मागून वर्गातला एक मित्र हसत ओरडला, "अल्या, पैसा पडी गया के शूं?" सगळे वळले. मुलीही. माझे वडील दिवाणखान्यांत गुडघे टेकतात, हे मी कॉलेजात कोणाला सांगितले नव्हते. "ना रे, चपलेचा अंगठा," असे म्हणून मी चपलेशी चाळा केला आणि खाली न पाहताच उभा राहिलो. बोगद्यातून वारा आला. गाडीच्या आधी तिचा वारा येतो, हे आबांनी सांगितले होते. मग गाडी आली आणि मी बसलो.

घरी आईने विचारले तेव्हा मी म्हणालो, पाहिली. आडवीच आहे. लोकांच्या पायांनी गुळगुळीत झाली आहे. आईने डोळ्यांना पदर लावला. आबा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झायं," आणि कूस बदलली. पकडला गेलो नाही, याचेच मला समाधान होते.

दोन पावसाळ्यांनी आबा गेले. तो खोकलाच त्यांना घेऊन गेला. दारावर सांत्वनाला माणसे येत होती, त्यांत एका सकाळी सुकलालकाका आले. आत आई कोणा बाईला तिसऱ्या खांबाची गोष्ट सांगत होती. काकांनी थोडा वेळ ऐकले, मग मला ओट्यावर जवळ बोलावून हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनीले सांगू नको, भाऊ. ती लादी तठे दोन दिन बी नही राहिनी. सायबनी देखी, म्हने चुकीनी बसाडी. आबालेच छन्नी दिधी, आबालेच उचकाडनी पडनी. तुकडाबी ठेवू दिधा नही." मग आत पाहत म्हणाले, "घर कोनले सांगू नको, आशी आन घाली व्हती त्यानी माले."

मी ओट्याच्या कडेला हात टेकला होता. तिथेही आबांनी बसवलेला एक तांबूस तुकडा होता, उन्हाने अजून तापलेला नव्हता.

"पन तुले तं माहीतच व्हई," सुकलालकाका म्हणाले. "तू तं देखी उना ना?"