डावीकडचा तिसरा रोलर

कोठीच्या दारात मी बायकांना घमेली वाटत होते, तेव्हा भागरताबाईची सून येऊन उभी राहिली. "बाई, सासू गेली सकाळी," एवढंच म्हणाली. मी उरलेली घमेली वाटली, कुलूप लावलं आणि तिच्यामागून ढिवरपुऱ्यात, मासेमारांच्या वस्तीत गेले. त्याला आता महिना होऊन गेला.

दोनच दिवस आधी मी तिला पाहायला गेले होते. ताप किती आहे म्हणून कपाळावर हात ठेवला, तर डोळे न उघडता म्हणाली, "उलट्या हातानं पाहा, बाई. तळहाताले घट्टे पडले रायतात, त्याले काई समजत नाई..."

हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, मशीनखाली बसून. सावली तालुक्यातल्या आमच्या तलावाची पाळ फुटून मोठी खांड पडली होती. ती पावसाळ्याआधी बुजली नाही, तर खालच्या धानाला पाणी नाही आणि ढिवरांना मासळी नाही. म्हणून माती खोदायचं मशीन आलं. बायकांची हजेरी आणि अवजारांची कोठी माझ्याकडे होती. बायकांनी जे सांगायचं ते मला सांगायचं, ड्रायव्हरशी बोलायचं नाही, असा नियम मी पहिल्याच दिवशी केला.

मशीनला चाकांऐवजी लोखंडी साखळीचे दोन पट्टे होते. संध्याकाळी त्यात गच्च बसलेली चिकणमाती खरवडून काढावी लागे, नाहीतर सकाळपर्यंत तिची वीट होई. भागरताबाईनं ते काम आपणहून घेतलं. आटलेल्या तलावाच्या गाळात हात घालून शिंगी मासे पकडणारी बाई ती. काटा कुठे आणि अंग कुठे, हे तिच्या बोटांना न बघता कळे. आठवड्याभरात तिला मशीनचं सगळं पोट पाठ झालं. पुढचं गुळगुळीत चाक साखळीला वाट दाखवतं, मागचं दातेरी चाक तिला ओढतं, आणि सगळं वजन पेलतात ते मधले लहान रोलर, एका बाजूला सात. मला समजावून सांगताना म्हणाली, "हे गाडी आपला रस्ता आपणच चटईवानी अंथरते, अन् मांगून गुंडाळून घेते." यापेक्षा सोपं करून मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

माती काढून झाली की ती प्रत्येक रोलरला उलटा हात लावी. ड्रायव्हर गुलाबभाऊ वरून हसे. "काऊन वं, पूजा करून राह्यली का?"

"ताप हाय का पाहून राह्यली."

"लोखंडाले ताप?"

"त्यालेच येते गा. तू तं वरती हवेत बसून रायते."

मे महिन्यात एका संध्याकाळी ती कोठीवर आली. "बाई, डावीकडचा तिसरा रोलर तपते. त्याच्या बाजूनं तेल बी आलं हाय." मी हजेरी लिहीत होते. म्हटलं, डावी बाजू पश्चिमेला आहे, उन्हानं तापला असेल. ती म्हणाली, "उन्हानं तं सारेच तपले असते."

बरोबर बोलली होती. मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं परत सांगितलं, तेव्हा मी हातानंच पुरे म्हटलं. गुलाबभाऊला सांगायचं माझ्याकडून राहिलं.

चौथ्या दिवशी तो रोलर जाम झाला. साखळी त्याच्यावरून घासत गेली, वाकडी झाली, उतरली, आणि मशीन खांडीच्या तोंडाशी कलंडून बसलं. नवा रोलर नागपूरहून यायचा होता. सगळ्यांसमोर गुलाबभाऊ तिच्यावर तडकला. "रोज हात फिरवते, अन् येवढं समजलं नाई तुले?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो गा. नाई समजलं."

मी हजेरीचं पुस्तक छातीशी धरून तिथेच उभी होते.

बारा दिवस बायकांनी घमेल्यांनी माती टाकली. सगळ्यांत पुढे भागरताबाई. मग रोलर आला, मशीन उठलं आणि मृग लागायच्या आत कशीबशी पाळ बांधून झाली. पुढे ती "पाचवा तपते" म्हणाली की मी हातातलं काम टाकून पळत जाई. पण गुलाबभाऊनं टोमणा सोडला नाही. दोन वर्षं, दुसऱ्या तलावावर गेलो तरी, "नीट पाह्यलं ना, का तिसऱ्यावानी?" ती हसून घेई. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "तुमाले काढून टाकलं असतं, तं तो आधीचा मुकादम परत आला असता. त्याच्या शिव्या कोण आयकल?"

तिनं हिशेबी कारण दिलं. मी ते सोयीचं म्हणून घेतलं... आणि गुलाबभाऊला खरं सांगितलं नाही.

आता माती काढायला दुसऱ्या दोघी आहेत. रोलरला हात मात्र मीच लावते. माझ्या हाताला तिच्याइतकं कळत नाही, म्हणून प्रत्येकापाशी जास्त वेळ थांबावं लागतं. गुलाबभाऊ वाट पाहतो, हसत नाही. परवा आपणहून म्हणाला, "बाई चांगली होती. येकच डाव चुकली."

ती चुकली नव्हती. हे ज्या पुरवणीत छापून येईल ती हातात आली की त्या संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर मी त्याला खाली बोलावणार आहे, आणि डावीकडच्या तिसऱ्या रोलरपाशी उभं करून हे सगळं वाचून दाखवणार आहे. मग दोघं मिळून हात फिरवू. उलटा.