एबोचे बांधलेले अंगठे

भुताखेतांच्या, संकेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. त्यामुळे इथे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर चेन्नईत अण्णा नगरला. एका गॅलरीसाठी प्रदर्शनं मांडते. म्हणजे कलाकार वाट्टेल ती स्वप्नं बघतात आणि ती छताला टांगायची कशी, ते मी बघते. एन्नोरच्या रस्त्यावरच्या एका जुन्या गोदामात आफ्रिकन कलाकारांचं प्रदर्शन होतं. त्यात घानाच्या एफुआचं शिल्प — लाकडात कोरलेला पुरुषभर उंचीचा तरुण, पाठीवर मासेमारीच्या जाळ्याचे आणि फाटक्या लाइफ जॅकेटचे पंख. पुढच्या काळात माणसं कुणाला कागद न दाखवता समुद्रावरून उडत जातील, अशी तिची कल्पना. चेहरा मात्र तिच्या भावाचा, एबोचा. तो युरोपला जायला लिबियातून बोटीत बसला. बोट पोचली नाही, प्रेतही मिळालं नाही. आई अजून त्याचे कपडे धुऊन, घडी करून ठेवते, असं एफुआने चहा पिताना सांगितलं.

शिल्प वर चढवताना गरागरा फिरायला लागलं. खालून दोरीने धरावं म्हणून मी घाईघाईत पांढऱ्या सुती पट्टीने त्याच्या पायांचे अंगठे एकत्र बांधले. शिल्प वर घेणारी चेन ओढणारा आमचा कामगार सेल्वम थांबलाच.

"वेंडाम, नको मॅडम," तो हळूच म्हणाला. "जिवंत माणसाचे असे बांधू नयेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा गेले तेव्हा त्यांचे अंगठे काकांनी असेच बांधले होते. मी पट्टी सोडायला गेले, तर एफुआ विचारायला लागली, काय झालं? सांगावं लागलं. वाटलं, आता ही चिडणार.

तिने त्या लाकडी पायावर हात ठेवला. "राहू दे, सुजाता," ती म्हणाली. "त्याचं कुणीच काही केलेलं नाही." मग पाणी मागून तिने थोडं जमिनीवर ओतलं आणि तिच्या भाषेत त्याच्याशी बोलली. सेल्वमने चपला काढल्या होत्या. मला रडू आवरेना.

शिल्प वर गेलं, दोरी काढली, पट्टी तशीच ठेवली. संध्याकाळी एफुआने घरी फोन केला. "आई रडली," ती मला म्हणाली. "पहिल्यांदाच. कपडे वाटून टाकते म्हणाली."

सकाळी कुलूप मीच उघडलं. पट्टी शिल्पाखाली जमिनीवर पडली होती. कापलेली नाही, उसवलेली नाही, गाठ जशीच्या तशी! शिल्पाचे पाय माझ्या डोक्याच्याही वर, शिडी बाहेर. एसी रात्रभर बंद. सेल्वम म्हणाला, दमट हवेने पट्टी सैल झाली असेल. मग शिडी लावून त्यानेच ती पुन्हा चढवून पाहिली. अंगठ्यांची टोकं एवढी पसरट की फास अर्ध्यावरही जाईना. तो खाली उतरला आणि त्या दिवशी पुन्हा शिल्पाजवळ गेला नाही.

पट्टी केरात टाकावी असं मनात आलंच होतं, तेवढ्यात मागून एफुआ आली. तिने ती हातात घेतली, गाठ चाचपली... आणि तिचा चेहरा उजळला. त्या आनंदाचीच मला जास्त भीती वाटली.

तिकडे घानात अजून पहाटही झाली नव्हती. तिने आईला झोपेतून उठवलं. मला त्यांची भाषा येत नाही, पण एबोचं नाव आणि तेच एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "कपडे देऊ नकोस म्हटलं. तो मेलेला नाही."

एफुआचे मेसेज अधूनमधून येतात. एबोची काही खबर नाही. आई वाट बघते आहे.

गाठ न सुटता फास कसा निघाला, हे मला आजही सांगता येणार नाही. मेकॅनिकल इंजिनियर असलेल्या नवऱ्यालाही नाही. पण त्याचं मला फारसं काही वाटत नाही. एबोच्या आईला रडून मोकळं व्हायला एकच रात्र मिळाली, ते मात्र मनातून जात नाही.