न भरलेल्या सुरुंगाची हाक

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. धम्म घेतला तेव्हा माझ्या वडिलांनी घरातले देव, ताईत सगळे विहिरीत सोडले. त्या घरात मी वाढले. कुणाच्या अंगात आलं की मला अजून हसू येतं. पण परवा लेक म्हणाली, "आई, तू गेल्यावर हे कोण सांगणार?" बोलायला ही अशी! म्हणून लिहितेय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा. बेंबळी गावाच्या पलीकडे पाझर तलावाचं सरकारी काम चालू होतं. मी आणि माझी सासू तिथं माती वाहत होतो. सासूला मी आत्या म्हणायचे. ढग रोज येऊन तोंड दाखवून जायचे. त्यांच्यातून पाऊस पाडायला एक लहान विमान मीठ फवारत फिरायचं. ते दिसलं की बायका म्हणायच्या, "आलं बगा मीठवालं! जरा मिरची बी टाक म्हणावं."

माझी लेक तेव्हा अंगावर पिणारी. तलावाच्या कोरड्या तळात एकच बाभळ होती, तिलाच सगळ्या तान्ह्यांच्या झोळ्या. खाली पाषाण लागला की सुरुंग लावायचे. त्याआधी मुकादम हुसेनभाई लाल फडकं हलवून ओरडायचे, "बार हाय, पळा!" ती हाक आली की पाटी टाकायची, आपलं-परकं न बघता हाताला लागेल ते लेकरू उचलायचं आणि बांध गाठायचा. विचारत बसायचं नाही.

त्या दुपारी सुकडी खाऊन आम्ही नुकत्याच कामाला लागलो होतो... आणि हाक आली. "बार हाय, पळा!" अगदी स्वच्छ. मी हाताला आलेलं लेकरू घेऊन पळाले. बांधावर हुसेनभाई चहाचा कप हातात धरून उभे, रागानं लाल.

"कोन वरडलं? आज एक बी बार भरला न्हाय!"

"तुमीच की वो," कुणीतरी म्हणालं. आमच्यातली भीमाबाई म्हणाली, तिच्या नवऱ्याचा आवाज होता. मला तर तो बाईचा वाटला होता.

हा वाद चालू असतानाच वर मोठा आवाज झाला. ढगातून एक प्रवासी विमान बाहेर आलं होतं आणि मीठवाल्या विमानाला घासून पुढं गेलं होतं. लहान विमानाच्या पंखाचा तुकडा गिरक्या घेत खाली येत होता. मागोमाग ते विमानही. सरळ आमच्या तलावाकडं!

मी काखेतलं लेकरू बघितलं. ते भीमाबाईचं होतं. माझी लेक कुणाच्याच हातात दिसेना. मी खाली पळणार तोच हुसेनभाईंनी माझा दंड धरला. विमान तळात पोटावर घसरत आलं, बाभळ मोडून पार गेलं आणि मुरमाच्या ढिगात थांबलं. मी किंचाळत होते. तेवढ्यात बांधाच्या पार टोकाकडून आत्या आल्या. पदराखाली माझी लेक, झोपलेली!

पायलट कपाळाचं रक्त पुसत बाहेर आला. आम्ही त्याला पाणी पाजलं, मूठभर सुकडी दिली. तो म्हणाला, "ऊपर से देखा, सब लोग बांध पर खड़े थे। लगा, आपने मेरे लिए जगह खाली की है।"

मोठं विमान सुखरूप उतरल्याचं रात्री रेडिओवर कळलं.

पुढं कित्येक वर्षं मी एकेकाला विचारलं. ओरडलो म्हणून कुणीच कबूल झालं नाही. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "कुनी का असंना. आपुन पळालो न्हवं?"

मला अजून उलगडा झालेला नाही. बाभळीच्या जागी आता पाणी असतं. लेक माहेरी आली की मला बांधावर नेते. "हाक मारणाऱ्याला थँक्यू तरी म्हणू," म्हणते आणि ही पन्नाशीची बाई पाण्याकडं तोंड करून जोरात ओरडते. मी हसते... मग इकडंतिकडं बघते, आणि मीही ओरडते.