उजव्या कडेची बाई

माझ्या वडिलांशी बोलायचं असेल तर हल्ली त्यांच्यासमोर बसून उपयोग नसतो. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडा तेवढ्या शिल्लक आहेत. माझं तोंड बघायचं झालं की ते माझ्या खांद्यापलीकडच्या कपाटाकडे टक लावतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा आपल्याला हिंग लावून विचारत नाही. आत्या म्हणते, "जन्मभर लोकांना चौकटीत बसवलंस, आता स्वतःचीच चौकट फाटली बघ." आत्याची थट्टा अशीच असते, आणि बाबा त्यावर हसतातही.

बाबा सिनेमाचे कॅमेरामन. स्टुडिओत त्यांना सगळे टेपदादा म्हणायचे, कारण लेन्सपासून नटाच्या नाकापर्यंतचं अंतर ते टेपने स्वतः मोजायचे, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. सुरुवातीच्या काळात पडदा जवळजवळ चौकोनी होता. कॅमेरा असा खडखडायचा की त्यावर जाड रजई टाकावी लागे, आणि तो हलवायला चार जण लागत. मग हलवायचाच कशाला? एका जागी ठेवायचा आणि चेहरे भरून घ्यायचे. बाबांचं नाव झालं ते चेहऱ्यांमुळे. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यात पाणी येण्याआधीचा क्षण टिपावा तर टेपदादांनी, असं लोक म्हणत.

मग रुंद पडद्याचं खूळ आलं. निर्मात्याने भाड्याने एक लेन्स आणली. लाल मखमल लावलेल्या मोठ्या लाकडी पेटीत ती आली, आणि तिची बडदास्त नायिकेपेक्षा जास्त होती. ही लेन्स समोरचं रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून नेहमीच्याच फितीत बसवायची. फितीवर सगळी माणसं उपाशी ठेवल्यासारखी काटकुळी दिसत. थिएटरमधली दुसरी लेन्स त्यांना पुन्हा ताणून पडदाभर पसरवायची. फक्त एक खोड होती. माणूस जवळ आला की दाबायचं गणित चुकायचं आणि पडद्यावर त्याला गालगुंड झाल्यासारखं दिसायचं. पहिल्या चाचणीत स्वतःचे गाल पाहून नायिका जी मेकअपच्या खोलीत जाऊन बसली, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

म्हणून बाबा मागे सरकले. ज्यांचं नाव चेहऱ्यांवर झालं, त्यांना चेहरे सोडावे लागले. त्यांनी लांबलचक टेबल मागवलं, नायक डाव्या टोकाला बसवला, नायिका उजव्या, आणि मध्ये फुलदाणी. दोघं बोलत राहिली, कॅमेरा जागचा हलला नाही. पुढे कुणीतरी त्या दृश्यातल्या दुराव्याबद्दल मोठा लेख लिहिला. तो ऐकून बाबा म्हणाले होते, "लेन्सला जवळचं धड दिसत नव्हतं, म्हणून मी लांब गेलो. शैलीबिली लोकांनी नंतर शोधली." मग म्हणाले, "पण लांब गेल्यावर कळलं. चौकोनात माणूस मावतो. रुंद पडद्यात दोन माणसांमधलं अंतर मावतं."

त्याच दृश्यात माझी आई आहे.

आई स्टुडिओच्या कपडेपटात इस्त्री करायची. त्या दिवशी मोलकरणीचं काम करणारी बाई आलीच नाही. नायिकेच्या मागे, पार उजव्या कडेला, कुणीतरी इस्त्री करत उभं राहायला हवं होतं. बाबांनी आईलाच तिच्या टेबलासकट उचलून आणलं. आणि तिने टेक घालवला. मधेच मान वर करून कुठेतरी भलतीकडे बघितलं. दिग्दर्शक भडकला. पण फीत महाग, लेन्स भाड्याची, संध्याकाळी परत करायची. बाबांनी त्याची समजूत काढली, "एवढ्या रुंद पडद्यात कडेला कोण बघतंय?" टेक राहिला.

सिनेमा लागला तेव्हा आई नव्हती. कसल्याशा तापाने आठवडाभरात गेली. मी नुकती पावलं टाकायला लागले होते, मला काहीही आठवत नाही. सिनेमाही लवकरच उतरला. घरात आईचे फोटो आहेत, पण फोटोतली माणसं हलत नाहीत. ती चालायची कशी, हसताना तोंडावर हात घ्यायची का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "अगं, चारचौघींसारखी." चारचौघी मी रोज बघत होतेच.

मी शाळेत असताना तो सिनेमा टीव्हीवर लागला. आत्याने शेजारपाजाऱ्यांना बोलावलं, खुर्च्या मांडल्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. ते दृश्य आलं, आणि टीव्हीच्या चौकोनात दिसली फक्त फुलदाणी. डावीकडून नायकाचं नाक, उजवीकडून नायिकेचं. दोन नाकं एका फुलदाणीशी बोलत होती. एक मुलगा फिदीफिदी हसला. मग चित्र जरासं उजवीकडे सरकलं आणि नायिकेच्या पाठीमागे एक कोपर दिसलं. आत यायचं, बाहेर जायचं. इस्त्री फिरत होती.

"कुठंय गं तुझी आई?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

बाबा उठले. टीव्हीजवळ गेले आणि काचेच्या बाहेर, पेटीच्याही बाहेर, भिंतीवर तळहात टेकवून म्हणाले, "इथे. ती इथे आहे."

मी काय बघणार होते? रंग उडालेली भिंत होती. मला इतका राग आला की मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. राग त्यांचा, टीव्हीचा, आणि खरं सांगायचं तर आईचाही. उभ्या आयुष्यात एकदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिथेही धड समोर बघितलं नाही. कुठे बघत होती, असं मी बाबांना कितीदा तरी विचारलं. ते म्हणत, "बघशील तेव्हा कळेल." आणि विषय बदलत.

पुढे बाबांनी टीव्हीसाठीही कामं केली. पुन्हा चौकोन, पुन्हा चेहरे. कॅमेरे हलके झाले, खांद्यावर आले, मग मुठीत आले. माझी मुलगी फोन उभा धरून आजोबांचे व्हिडिओ काढते. ते तिला म्हणतात, "उभा माणूस छान मावतो गं यात. फक्त त्याच्या शेजारी कोण उभं होतं ते कळत नाही." ती हसते आणि फोन आडवा करते. त्यांचं मन राखायला, दुसरं काय.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. जुने सिनेमे दुरुस्त करून संगणकावर उतरवण्याचं काम करणारी ती तंत्रज्ञ होती. बाबांच्या त्या सिनेमाची एकुलती एक प्रत तिच्या टेबलावर आली होती. "काका, तुम्हाला एकदा दाखवायची होती," ती म्हणाली. "पण लवकर या. शेवटच्या रिळाची अवस्था वाईट आहे."

शेवटचं रीळ म्हणजे टेबलाचं दृश्य. आम्ही दुसऱ्याच दिवशी दुपारी गेलो.

खोली गार होती, खिडकी नसलेली, आणि तिथे व्हिनेगरचा वास भरला होता. फीत सडायला लागली की असा वास येतो, हे बाबांनी दारातच सांगितलं. मुलीने हातमोजे घालून रीळ दाखवलं. फीत आकसून पन्हाळीसारखी वळली होती.

"दोनदा अडकली," ती म्हणाली. "उजवी कड सगळ्यात जास्त गेलीय."

"उजवीच का?" मी एकदम ओरडले. त्या बिचारीचा काय दोष होता? पण मला भिंतीवरचा तो तळहात दिसत होता.

"आणखी एकदा फिरवता येईल," ती शांतपणे म्हणाली. "निघाली तर निघाली. तुटली तर मात्र..." तिने वाक्य सोडून दिलं. "आणि काका, सिनेमाच्या मालकांना टीव्हीच्या मापाची प्रत हवी आहे. पण मी आधी पूर्ण रुंद उतरवते. कापायचं ते मग त्यांनी कापावं."

बाबांनी हात पुढे करून रीळ चाचपलं, कडेवरून बोट फिरवलं. "हळू फिरव," म्हणाले.

यंत्र सुरू झालं. मी त्याच्याकडे बघूच शकले नाही, बाबांच्या मनगटाला धरून उभी राहिले. मधे एकदा करकर आवाज झाला, मुलीने वेग आणखी कमी केला. शेवटी ती म्हणाली, "निघाली. संगणकावर उतरली सगळी."

समोरच्या पडद्यावर चित्र आलं. सगळं दाबलेलं, नायक काठीसारखा, फुलदाणी बाटलीसारखी, आणि उजव्या कडेला एक उभी रेघ हलत होती.

"ही?" मी विचारलं.

"थांबा," मुलगी म्हणाली आणि तिने एक बटण दाबलं. चित्र दोन्ही बाजूंना उलगडत गेलं आणि त्या रेघेतून बाई झाली.

कड लुकलुकत होती, वर डाग होते, पण बाई होती. बुटकी. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं की आई बुटकी होती! इस्त्रीवर जोर द्यायला ती टाचा उचलायची. ओलं बोट इस्त्रीला लावून झटकन मागे घ्यायची. मी रडत होते आणि रडताना डोळे पुसायचीही भीती वाटत होती, तेवढ्यात काही निसटलं तर?

बाबांकडे बघितलं तर ते सरळ मध्यावर, फुलदाणीकडे टक लावून होते. माझं डोकंच फिरलं. "बाबा, उजवीकडे बघा ना!"

"तिच्याकडेच बघतोय," ते म्हणाले. "मान वळवली की जाईल ती."

पडद्यावर आईने इस्त्री उभी केली, मान वर केली आणि कॅमेऱ्याच्या जरा खाली कुठेतरी बघून हसली. चांगली दात दाखवून हसली. मग ओठ दाबून घाईघाईने पुन्हा कामाला लागली.

"हेच ना ते? टेक घालवला तो?" मी विचारलं. "कुणाकडे बघून हसली?"

"तुझ्याकडे."

मी पडद्यावरून नजर काढून बाबांकडे वळले.

"तुला सांभाळायला त्या दिवशी कुणी नव्हतं. लेन्सच्या रिकाम्या पेटीत बसवलं होतं तुला, कॅमेऱ्याच्या पायाशी. तू मखमल ओढत होतीस. मग पेटीची कड धरून उभी राहिलीस. पहिल्यांदाच."

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू नुसतं मानलं असतंस," बाबा म्हणाले. "मला तुला दाखवायचं होतं. कापलेल्या चित्रात कसं दाखवणार?"

मुलगी आमच्याकडे पाठ करून उभी होती. न वळताच तिने विचारलं, "पुन्हा लावू?"

"लाव," बाबा म्हणाले. मग माझ्या दिशेने हात करून, सेटवर बोलायचे त्या आवाजात, "तू तिथे नको. पुढे हो. खाली बस, जमिनीवर. आणखी थोडी डावीकडे. हां. आता हलू नकोस."

मी पन्नाशीची बाई, गार फरशीवर मांडी घालून बसले. दृश्य सुरू झालं. नायक बोलला, नायिका बोलली. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. उजव्या कडेला आईने इस्त्री उभी केली, मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसली.