यकृतातली चरबी आणि धोंड्याचं वाण

सूड घेणं माझ्या प्रकृतीला झेपत नाही. रिक्षावाल्याशी भांडायचं ठरवलं तरी मला वाक्य जुळेपर्यंत तो पुढच्या चौकात पोचलेला असतो. तरीही यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मी साडूचा सूड घ्यायचं पक्कं केलं आणि आठ दिवस न्हाणीघरातल्या आरशासमोर त्याची तालीम केली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेतून निवृत्त झाले, मनमाडला असतात. चार वर्षांपूर्वी ते कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिराला गेले आणि दूध हे विष आहे, असं सांगत सुटले. दूध, दही, ताक, पनीर, सगळं बंद. माझं पोट तेव्हा शर्टाच्या गुंड्यांशी झगडत होतं, म्हणून मीही त्यांच्या नादी लागलो. अंडं आमच्या घरात येत नाही आणि दूधही गेलं. शेव, फरसाण आणि खारी मात्र वनस्पतीपासूनच होतात, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली आणि दुधाची कसर तिथं भरून काढली. बायको म्हणाली होती, असले प्रयोग आधी त्यांच्यावर पूर्ण होऊ देत. मी ऐकलं नाही.

यंदा पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतावर चरबी निघाली. बायकोनं काळजीपोटी बहिणीला फोन केला. तासाभरात साडूंनी माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, की यकृतावर चरबी उगाच येत नाही, द्राक्षांच्या गावात राहून माणूस किती दिवस कोरडा राहणार. खाली दोन जोडलेले हात.

मी आयुष्यात दारू चाखलेली नाही. एकदा लग्नात कुणी सरबत म्हणून काही दिलं, तेव्हाही मी आधी हुंगून पाहिलं होतं. पण ग्रुपवर कोण काय हुंगतो, हे कुणी विचारत नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंचा बायकोला फोन आला. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा त्या दोन्ही जावयांना पंचवटीतल्या घरी धोंड्याच्या जेवणाला बोलावतात आणि तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे ठेवून, वर दिवा लावून वाण देतात. या खेपेला वाण थोरल्याला द्यावं आणि धाकट्याला नुसतं टॉवेल-टोपीवर भागवावं, असं त्यांच्या मनात होतं. पिणाऱ्याच्या हातात देवाचं वाण कसं द्यायचं, असं त्यांनी स्वतःच्या लेकीला विचारलं. बायकोचा माझ्यावर संशय नव्हता, पण माहेरी तिची मान खाली गेली होती.

मी दारू पीत नाही असा दाखला मागायला इंदिरानगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या माझ्या पुतणीच्या वयाच्या. असा दाखला मिळत नसतो, म्हणाल्या, आणि मी खातो काय ते विचारू लागल्या. दुधाची हकिगत ऐकून त्यांनी रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलं होतं.

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो. यकृताची पेशी चरबी साठवते, तशी ती बांधून रक्तात रवानाही करते. बांधायला वेष्टण लागतं, आणि ते तयार करायच्या कामात बी-बाराचाही हात असतो. वेष्टण कमी पडलं की चरबी थेंबाथेंबानं पेशीतच साचते. बाजार समितीत टोमॅटो आले आणि क्रेटच नाहीत, तर माल गाळ्यातच पडून राहणार, तसंच. मी सुखावलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सगळं बी-बारावर ढकलू नका, काका. फरसाण तुम्ही कुणाच्या सल्ल्यानं खाल्लंत?"

हा भाग मी घरी सांगितला नाही.

माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. दूध साडूंनीही सोडलंय, आणि माझ्याआधी. मी सासूबाईंना कळवलं, की धोंड्याच्या दिवशी सकाळी लॅबचा माणूस येईल, घरातल्या सगळ्यांची तपासणी माझ्याकडून. साडू नाही म्हणणार नाहीत, याची खात्री होती. आपलं रक्त म्हणजे गंगाजल, हे ते दर लग्नात ऐकवतात. आदल्या दिवशीच ते मुक्कामाला आले होते. सकाळी स्वतःहून बाही वर करून बसले आणि लॅबच्या पोराला शीर कशी शोधायची तेही शिकवू लागले.

जेवणं झाली. पुरणाचे धोंडे पोटात जड झाले होते. सासूबाईंनी एकच तांब्याचं ताट घासून मांडलं होतं, ते मी पाहिलं. बायकोनंही पाहिलं. तेवढ्यात माझ्या फोनवर अहवाल आले. साडूंचं बी-बारा माझ्याहूनही खाली होतं. इतका आनंद मला स्वतःच्या पगारवाढीला झाला नव्हता. मी उभा राहिलो, सर्वांदेखत बी-बाराचा आकडा वाचला, त्याचा अर्थ काही सांगितला नाही, आणि तालीम केलेलं वाक्य म्हटलं.

"मग साडूभाऊ, मनमाडला तरी माणूस कोरडा राहतो का?"

साडूंचा चेहरा पडला. मेहुणीबाई हळूच म्हणाल्या, की यांच्या पायाला वर्षभर मुंग्या येतात, रोज तेल चोळून घेतात, पण कुणाला सांगायचं नाही म्हणून दम देतात. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण बोलून झालं होतं.

इथे माझा सूड संपायला हवा होता. पण सासूबाईंनी अनारशांचं ताट उचललं आणि फडक्यानं झाकलं.

"म्हंजे दोघंबी पितात तर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एकच हाय."

आता दोघांचंही वाण गेलं. मी तालीम इथपर्यंत केलेलीच नव्हती. मी तोंड उघडलं तर दारुड्यानं दारुड्याची साक्ष काढल्यासारखं झालं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी फोन खिशात घातला आणि खाली बसलो. आणि तेच बरं झालं, कारण साडूंना गप्प बसवेना. त्यांच्या मानाचं वाण फडक्याखाली गेलं होतं.

ते उठून सासूबाईंच्या समोर गेले. दारूचा यात काही संबंध नाही, म्हणाले. दूध-दही सोडलं की हे जीवनसत्त्व कमी होतं, आणि ते कमी झालं की यकृतात चरबी साचू शकते, असं वाचल्याचं त्यांनी सांगितलं. कधी वाचलं, ते मी विचारलं नाही. मग नजर जमिनीवर ठेवून आणखी काहीतरी ते पुटपुटले.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी कानामागे हात धरला.

"साडूभाऊ, जरा मोठ्यानं," मी म्हटलं. "आईंना कळलं पाहिजे."

"दूध सोडायला यांना मी लावलं," साडू ओरडून म्हणाले. "हे पीत नाहीत. ग्रुपवर मी खोटं लिहिलं."

सासूबाईंनी फडकं काढलं, दिवा लावला आणि आत हाक मारली, दुसरं ताट घासून आणा म्हणून. पहिलं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. दुसरं येईपर्यंत साडू तिथंच ताटकळत उभे राहिले, आणि मी त्यांना बसायला जागा करून दिली नाही.