आईने घेतलेलं टेकडीचं नाव

घाटकोपरच्या आमच्या टेकडीला नाव आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. लहानपणी आम्ही तिला नुसतं 'वर' म्हणायचो. वर राहतो, वर पाणी नाही. आता पायथ्याशी 'हिल व्ह्यू' नावाचा टॉवर उभा आहे. त्याच्यामुळे टेकडी दिसायची बंद झाली आणि रिक्षावाले टेकडीलाच 'हिल व्ह्यू' म्हणू लागले. शेजारच्या नदीला पालिका नाला म्हणते आणि बिल्डर रिव्हर. डास दोघांचे एकच.

आमच्या वाचनालयाने उपनगरातल्या टेकड्या-ओढ्यांची जुनी नावं नोंदवून तिथे पाट्या लावायची टूम काढली आणि मी हौसेने त्यात पडले. अध्यक्ष निवृत्त मास्तर. नाव जुन्या रहिवाशाच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड झालेलं हवं, नाहीतर चालू नाव लागेल, असा त्यांचा नियम. म्हणजे आमच्या टेकडीवर 'हिल व्ह्यू'ची पाटी! माझं डोकंच फिरलं. जुनं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते माझ्या घरात लसूण सोलत बसलं होतं.

"आई, टेकडीचं खरं नाव काय गं?"

"म्हायत आसा. पण मी सांगूचंय नाय."

मी लाडीगोडी लावली, चिडले, अबोला धरला. जन्मभर मालवणी हट्ट बघितला असूनही मला आशा होती. शेवटी अध्यक्ष स्वतः मोबाइल घेऊन आले. त्यांनी दोनदा विचारून पाहिलं आणि मग समजुतीने म्हणाले, "आजी, आठवत नसेल तर राहू द्या."

हे मात्र आईला झोंबलं. "आठवता सगळा! वर देव होतो, त्याचाच नाव टेकडीक. आणि ताच नाव आमच्या ह्यांचा. कसा घेव तोंडान?"

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याच नावाच्या टेकडीवर मी वाढले आणि मलाच पत्ता नव्हता. तेही कधी बोलले नाहीत. गिरणीतून येऊन ती चढताना त्यांना दमच इतका लागायचा.

नाव आता मला कळलं होतं, पण अध्यक्षांचा नियम म्हणजे नियम. मी सहज बोलून गेले, "मग उखाण्यात घे ना."

आईने माझ्याकडे पाहिलं. लसूण बाजूला ठेवला, हात धुतले, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि मोबाइलकडे तोंड करून बसली.

"हंडा घेऊन चढले टेकडी, दम लागला भारी,
अमुकरावांचं नाव घेते, त्यांचीच टेकडी सारी."

'अमुक' माझं. खरं नाव मी इथे लिहीत नाही. आईसमोर मलाही धीर होत नाही.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "आता यमक सोडून, नुसतं नाव?"

"नुसता मिळूचा नाय."

त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं. पाटीचं काम झालं. ते गेल्यावर आईने पुन्हा लसूण पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "परत लाव बघू." मी लावलं. तिने ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी वैतागले. "अगं, किती वेळा?"

"हे गेल्यापासून," ती पाकळी सोलत म्हणाली, "माका कोणी नाव घेवक सांगूकच नाय गो."