सीझनमधले भाऊ

नातवंडांनो, परवा फोनवर धाकटी म्हणाली, "बाबांचा सीझन चालू आहे, ते जेवायला घरी नसतात." मी गप्प झाले आणि फोन कट झाला असं तुम्हाला वाटलं. फोन चालूच होता. तो शब्द, माझ्याच लहानपणच्या तक्रारीच्या सुरात, तुमच्याकडून ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

पुढे शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात सीझनची चार चित्रं भेटली, एकात तर बर्फ होता. पण जळगावात आमच्या घरी हा शब्द त्याआधीच आला होता. आमचा सीझन कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचं काम, सुरू व्हायचं, होळीच्या आसपास बंद व्हायचं. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, धुळ्याच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. ते चार महिने तिकडेच राहत. शेजारीण आईला विचारायची, "सीझनले गयात का?" जणू ते एखादं गावच. माझी चप्पल तुटली की आई म्हणायची, "सीझननंतर पाहू." दात दुखला तरी तेच. उन्हाळ्यात भाऊ घरी असत, विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत, अंगाला ऑइलचा वास. तेवढेच भाऊ आहेत असं मी समजत होते.

मी दहा वर्षांची असताना नाताळच्या सुट्टीत आई मला धुळ्याला घेऊन गेली. भाऊ एका शिंप्याच्या माडीवर राहत. संध्याकाळी भोंगा झाला आणि थोड्या वेळाने दारात एक पांढरा माणूस आला. भुवया, मिशा, कान, सगळीकडे रुई. मी ओळखलं नाही. शिंप्याच्या मुलीने ओळखलं. ती माझ्याच वयाची. पितळी डबा घेऊन ती पायरीवर आली, भाऊ न सांगता तिच्यासमोर बसले आणि ती त्यांच्या अंगावरची रुई वेचू लागली.

"भाऊ, हालू नका. डोळामा जाई."

तीही भाऊच म्हणाली. आणि भाऊंनी शहाण्यासारखे डोळे मिटले.

ती त्या रुईच्या वाती वळायची, देवासाठी. मला मोठ्या हौसेने डबा दाखवून तिने विचारलं, "तुमना घर कोन वेचस?"

कुणीच नाही. आमच्या घरी रुई येतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा मी मागच्या हौदात रिकामा केला. वाती लगेच बुडत नाहीत. मी त्या दाबून दाबून बुडवल्या.

"बठ्ठ्या वाती गयात!" संध्याकाळी शिंपीण ओरडली. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. भाऊ नुकतेच आले होते. त्यांनी माझ्या ओल्या बाह्या पाहिल्या आणि कारण विचारलं.

"कसाले करं?"

"मला सीझनमधले भाऊ पाहिजेत," मी म्हणाले.

शिंपीण कपाळाला हात लावून हसली. "हाई पोर शे का सवत?"

भाऊ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "ये. तू वेच."

ती मुलगी बाजूला सरकली. "आधी भुवया कर," हळूच म्हणाली. मी मुद्दाम त्यांच्या बाहीपासून सुरुवात केली, ती झटकली, आणि रुई भाऊंच्या डोळ्यात गेली. डोळा लाल झाला. पाण्याचा तांब्या तिनेच आणला, पदराचं टोक ओलं करून आईने डोळा पुसला, आणि मी नुसती उभी.

पुढच्या सीझनला आई म्हणाली, चल. मी गेले नाही. त्यानंतर कधीच गेले नाही.

आता भाऊ नाहीत, ते जिनिंगही नाही. शिंप्याची ती मुलगी आहे, साक्रीला असते. दर दिवाळीला तिचं पत्र येतं आणि त्यात भाऊंची, मला ठाऊक नसलेली, एखादी गोष्ट असते. ते पत्र मी अजूनही दोन दिवस फोडत नाही.